महागाईचा दर उतरला, तरी मतदार का चिडतो?

निवडणूक आली की वाद ठरलेला: लोक आकडे बघून मत देतात की भावनेच्या भरात? मला वाटतं, सरकार एक गोष्ट मोजतं आणि मतदार दुसरीच. दोघांचेही आकडे खरे असतात.

हिशोब करून बघा. घरखर्च 100 रुपये धरा. महागाई पहिल्या वर्षी 7 टक्के, दुसऱ्या वर्षी 5, तिसऱ्या वर्षी 3. बातमी येते, महागाई निम्म्याहून खाली. खरंय. पण तोच खर्च आता 115 रुपये 72 पैशांवर गेलाय. पगार दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढला असेल तर तो पोचला 112 रुपये 49 पैशांवर. सव्वातीन रुपयांची तूट! वाढीचा वेग कमी झाला, भाव काही खाली आले नाहीत. आणि मंडईत पिशवी घेऊन उभ्या माणसाला भावच दिसतो.

त्यात सरासरीची गंमत. महागाईचा दर ज्यावरून काढतात त्या ग्राहक किंमत निर्देशांकात, 2012 पायाभूत वर्ष असताना, खाण्यापिण्याचा भार (म्हणजे एकूण खर्चातला वाटा) शहरात साधारण 36 टक्के होता, ग्रामीण भागात 54. निम्मा पगार किराणा-भाजीत घालवणाऱ्या शहरी घराला ही सरासरी लागूच पडत नाही. गृहकर्जाचा हप्ता तर निर्देशांकात धरतच नाहीत. (पुण्याकडच्या वाकड-बाणेरच्या फ्लॅटवाल्यांनी दीर्घ श्वास घ्यावा.) जून 2025 मध्ये पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बसचं, किमान तिकीट 5 चं 10 रुपये झालं. देशाच्या निर्देशांकात ते कुठे दिसणार? रोज दोनदा बस पकडणाऱ्याला मात्र दिसतं.

स्वतःची महागाई काढायची तर दोन वर्षांपूर्वीचं किराण्याचं बिल शोधा. ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशीच करा, नाहीतर टोमॅटो फसवतो. पुड्याची किंमत बघू नका, किलोचा भाव काढा. 5 रुपयांचा बिस्किटपुडा 5 रुपयांचाच राहतो, आतले ग्रॅम गुपचूप घटतात.

आता कांदा. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा, पुणे जिल्ह्यातल्या चाकण-मंचरच्या शेतकऱ्याला फटका. बंदी उठली 4 मे 2024 ला, पुणे आणि शिरूरच्या लोकसभा मतदानाच्या नऊ दिवस आधी. उठली म्हणजे तरी काय, टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्त बाहेर पाठवायचा नाही) आणि वर 40 टक्के शुल्क! तोवर हिवाळ्याच्या शेवटी निघणारा रांगडा कांदा पडेल त्या भावाने विकून झाला होता, कारण तो टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत भरून ठेवता येत नाही. म्हणजे घोषणा हाती आली, पण पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, जुनाच भाव होता.

पुणे शहरात भाजपचे मुरलीधर मोहोळ निवडून आले, शेजारच्या शिरूरमध्ये शरद पवार गटाचे अमोल कोल्हे. पक्षफूट, उमेदवार, जातीची गणितं, सगळं त्यात होतंच, सगळं कांद्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण शिरूरच्या मतदाराला ‘भावनेत वाहून गेला’ म्हणणाऱ्यांनी आधी बंदीच्या त्या जवळपास पाच महिन्यांतल्या बाजार समितीच्या पट्ट्या मागवून बघाव्यात.