झुंजार, गुरुजी आणि सुरत पॅसेंजर

परवा भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये एका निवृत्त गुरुजींनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. "बघू," एवढंच म्हणाले. माझं वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर केस मोजकेच; तरी मी मुकाट्याने दिलं. शिक्षकाने हात पुढे केला की आपला हात आपोआप रिकामा होतो. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

पुस्तक रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांचं, त्यांच्या झुंजार या नायकाची कथा. जळगावला एका रद्दीवाल्याकडे इंजिनिअरिंगच्या गाइडांखाली दबलेलं सापडलं होतं. मुखपृष्ठावर एक बाई, एक पिस्तूल आणि मागे कुणाची तरी सावली. बाईच्या चेहऱ्यावर भीती कमी, पावडर जास्त. पानं इतकी ठिसूळ की उलटताना मी श्वास रोखून धरायचो.

गुरुजींनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

तो ओला ठसा पानाच्या कोपऱ्यावर पसरत गेला, कोपरा वाकला आणि त्याचा एक तुकडा गुरुजींच्या मांडीवर पडला. त्यांनी तो शेवेचा भुगा झटकावा तसा झटकला.

"हे वाचता?"

"हो."

"करता काय?"

"बँकेत आहे."

"बँकेत असून?" त्यांनी शेजारच्या आजींकडे पाहिलं. देशातले सगळे बँक घोटाळे कुठून सुरू होतात ते त्यांना आज कळलं होतं. "मुलंबाळं?"

"एक मुलगी."

"तिच्यासमोर वाचता?"

धरणगाव गेलं. गुरुजींनी मला सानेगुरुजींपासून संस्कारांपर्यंत सगळं ऐकवलं. या लाइनीवर पुढे अमळनेरच येतं, तेव्हा सानेगुरुजींचा विषय टळत नाही. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ऐकवताना त्यांची नजर पुस्तकातच होती आणि पानं बरोब्बर क्रमाने उलटत होती.

"आमच्या शाळेत असलं काही सापडलं की मी जप्त करायचो. कपाट भरलं होतं."

"मग त्या पुस्तकांचं काय केलंत?"

"जप्त केलं म्हणजे तपासावं लागतं," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, "यात काळा पहाड नाही का?"

अर्नाळकरांचा तो दुसरा नायक यात नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला.

आता थोडं विषयांतर. अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, निधन १९९६. मधल्या काळात त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजारावर! आमच्याकडे चार कविता छापून आल्या की माणूस शाल-श्रीफळाची वाट बघत बसतो. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांच्यावर दोन पिढ्या वाचायला शिकल्या. आणि आज ही पुस्तकं कुठे आहेत? मी लहानपणी ज्या वाचनालयात जायचो तिथे एकदा चौकशी केली. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "निर्लेखित झाली." म्हणजे रजिस्टरातून नावं कमी करून रद्दीत किलोवर. का, तर फार फाटली होती. अहो, वाचली म्हणून फाटली! कपाटातले जाडजूड ग्रंथ कोरे करकरीत आहेत, कारण त्यांना कुणी हात लावला नाही. ते राहिले, आणि ज्यांच्यासाठी संध्याकाळी रांग लागायची ती गेली. यावर विनोद करायची माझी इच्छा नाही.

नारायण धारपांचंही तेच. घरात भूतकथा दिसली की वडील मंडळी नाक मुरडायची. २०१८ मध्ये 'तुंबाड' हा सिनेमा आला, त्याच्या मुळाशी धारपांची कथा असल्याचं कळलं आणि तीच मंडळी सांगू लागली, "आम्ही तर धारप तेव्हापासून वाचतो." कधीपासून, ते विचारायचं नाही. इंद्रजाल कॉमिक्सची गोष्ट वेगळी. १९६४ साली सुरू झालेलं ते प्रकरण चित्रांचं, म्हणून पोरांना माफ होतं. त्यातल्या वेताळाचा, म्हणजे फँटमचा, चेहरा पाहणारा मरतो म्हणे. आमच्या आळीत तो नियम वडिलांना लागू होता. गणिताच्या वहीत वेताळ दिसला की आमचं मरण ठरलेलं.

असो. डब्यात परत येतो.

अमळनेरला गर्दी चढली, तरी गुरुजी हलले नाहीत. आजी भरताच्या वांग्यांची पिशवी पायाशी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांना राहवेना, अहिराणीत विचारलं.

"काय शे त्यामा?"

"खून व्हयना," गुरुजी मान वर न करता म्हणाले.

"कोना?"

"सावकारना."

"बरं व्हयनं," आजी म्हणाल्या आणि वांगी सावरून बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "कोनी मारं?"

"तेच तं पाही राहिनू."

नरडाणा येईपर्यंत समोरच्या बाकावरचे दोन तरुण मोबाइल खाली ठेवून ऐकू लागले होते. गुरुजी आता सरळ मोठ्याने वाचत होते. बंगल्यात दिवे गेले, कुणीतरी किंचाळलं, झुंजार खिडकीतून आत आला. मध्येच थांबून, "भाषा बघा किती हलकी आहे," असा शेरा मारायचा आणि पुढे वाचायचं. केळ्याचे वेफर्स विकणाऱ्याने "वेफर्स, वेफर्स" केलं तर आजींनी त्याला दटावलं. पुस्तक माझं, पैसे माझे, आणि मी खांबाला टेकून उभा. कारण मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात जागेवर कुणीतरी ऐकायला येऊन बसलं होतं.

शिंदखेडा गेलं. झुंजारने सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. "या खोलीतच खुनी बसला आहे," असं म्हणून त्याने बोट उचललं, गुरुजींनी अंगठा चाटून पान उलटलं, आणि पुढे पुठ्ठा.

शेवटची पानं नव्हतीच.

डब्यात जी शांतता पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण आहे खुनी?" गुरुजी.

"अहो, मी अजून दहावं पानही वाचलेलं नाही. तुम्हीच घेतलंत ना?"

"म्हणजे तपासून न घेता पुस्तकं विकत घेता? बँकेत असून?"

दोघा तरुणांचं मत मुनीम. वेफर्सवाला म्हणाला, बायको. आजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याले ठावं व्हई, सांगत नही!" आणि यावर मात्र पूर्ण डब्याचं एकमत झालं.

दोंडाईचाला गुरुजी उतरायला उठले. पुस्तक परत देताना पान क्रमांक लक्षात राहावा म्हणून त्यांनी शेवटच्या पानाचा कोपरा दुमडला. तो लगेच तुटला. मग माझा मोबाइल नंबर मागून घेतला. शिक्षकाने मागितला, मी दिला.

आता रोज पहाटे त्यांचा संदेश येतो. वर उगवत्या सूर्याचं चित्र, त्यावर सुविचार: सद्ग्रंथ हेच आपले खरे मित्र. आणि खाली एक ओळ, "मिळाली का पानं? मला मुनीमच वाटतो."