‘घरातल्या बाईला विचारायचं होतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मिलीहेलन या सौंदर्य मोजायच्या गमतीदार एककावरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलंय: ‘सौंदर्याला एककं लावणं हा पुरुषी थिल्लरपणा. घरातल्या बाईला तरी विचारायचं होतं. हजार जहाजं हा आकडाही चुकीचा आणि गोवा ओढूनताणून घुसडलाय.’

आकड्याचं आधी. ट्रॉयच्या हेलनपायी हजार जहाजं निघाली असं म्हणतात; होमरच्या ‘इलियड’मधल्या यादीत ती ११८६ भरतात, हजार ही गोळाबेरीज, मान्य. पण एक जहाज समुद्रात लोटायला पुरेल एवढं सौंदर्य म्हणजे हेलनचा हजारावा भाग, एक मिलीहेलन, ही गंमत त्याने बिघडत नाही.

आता ती घरातली बाई. अहो, ती मीच! लेखावर माझं नाव ठळक आहे. ते न वाचता तुम्ही पुरुष गृहीत धरलात आणि वर मलाच बायकांच्या मानाचे धडे देताय. मुद्दा पटला नाही तर तसं लिहा, पण ‘विचारायचं होतं’ हा मास्तरी सूर मला चालणार नाही.

मोजमाप म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. फोंड्याच्या आमच्या घरी मला बघायला आलेल्यांनी सोप्यावर बसून उंची विचारली, चालून दाखव म्हणाले, रंगावरून आपसात कुजबुजले. आईने त्यांना चहा दिला, मी गप्प राहिले. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानेही हे गंभीरपणे केलं. खिशात कागद ठेवून रस्त्यावरच्या मुलींना सुंदर, साधारण, कुरूप अशा गटांत टाकत तो सुईने भोकं पाडायचा. त्यात लंडन अव्वल आणि ॲबरडीन तळाला, असं १९०८ साली आत्मचरित्रात लिहून मोकळा झाला. थिल्लर म्हणायचं तर याला म्हणा. मिलीहेलनमध्ये बाईला गुण मिळत नाहीत. एका चेहऱ्यापायी जहाजं काढणाऱ्यांचा वेडेपणा मोजला जातो. म्हणून मला ते एकक आवडतं, आणि म्हणूनच मी ‘जिच्यापायी रायबंदरची एक फेरीबोट चुकली, ती एक फेरी’ असं आपलं एकक सुचवलं.

ते ओढूनताणून वाटलं असेल तर वाटो. त्या फेरीबोटीने चोडणला जाणाऱ्या माझ्या गोव्यातल्या वाचकांना ते लगेच कळलं.

पुढचा लेख अमेरिकन गणिती बर्कहॉफच्या सौंदर्य मोजायच्या १९३३ च्या सूत्रावर आहे: सुव्यवस्था भागिले गुंतागुंत. त्याच्या हिशेबात बहुभुजाकृतींमध्ये चौरस पहिला आला. त्यावरही जरूर लिहा, फक्त लेखिकेचं नाव आधी वाचा.