‘नफा सोडून बाकी सगळं नाटक’: एका फिरत्या संदेशाचा समाचार

“कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. नफा कमावणं हेच तिचं काम, कायदाही तेच सांगतो. कायदा पाळला की झालं. सामाजिक जबाबदारी हा निव्वळ देखावा. आणि कंपनी खरंच वाईट असेल तर बाजार तिला धडा शिकवतोच.” अशा अर्थाचा मजकूर दर काही महिन्यांनी नव्या चित्रावर चिकटून फिरत येतो, खाली बहुधा अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचं नाव. आव रोखठोकपणाचा असल्यामुळे तो पटतोही चटकन. एकेक विधान तपासून बघू.

“कायदाही तेच सांगतो.”

नाही सांगत. याला पुरावा म्हणून अमेरिकेतला १९१९ चा डॉज विरुद्ध फोर्ड खटला पुढे केला जातो. हेन्री फोर्डकडे रोकड साठली होती, तरी त्याने विशेष लाभांश थांबवला. गाड्या स्वस्त करायच्या आणि कारखाना वाढवायचा, असं त्याचं म्हणणं. भागधारक असलेले डॉज बंधू कोर्टात गेले. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने लाभांश वाटायला लावला आणि धंदा प्रामुख्याने भागधारकांच्या नफ्यासाठी असतो, असंही म्हटलं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. त्याच निकालात कारखान्याचा विस्तार रोखायला न्यायालयाने नकार दिला, कारण धंदा कसा चालवावा हे ठरवणं न्यायाधीशांचं काम नव्हे. हा अर्धा भाग कुणी पुढे पाठवत नाही.

पुढे २०१४ मध्ये हॉबी लॉबी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच लिहिलं की बाकी सगळ्याचा बळी देऊन नफ्यामागे लागण्याची सक्ती आधुनिक कंपनी कायदा करत नाही. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्यातलं कलम १७२ आणि भारताच्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १६६ संचालकांना कर्मचारी, समाज आणि पर्यावरणाचाही विचार करायला सांगतं.

राहिले फ्रीडमन. त्यांच्या १९७० च्या गाजलेल्या लेखात नफा जास्तीत जास्त कमवा, हे आहेच. पण समाजाचे मूलभूत नियम पाळून, आणि हे नियम कायद्यातले तसेच नैतिक रीतीतलेही. संदेश लिहिणाऱ्यांची कात्री नेमकी इथेच चालते.

“कायदा पाळला की झालं.”

बांगलादेशात ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठमजली इमारत होती. २३ एप्रिल २०१३ ला तिला मोठे तडे दिसले आणि पाहायला आलेल्या इंजिनिअरने ती धोकादायक ठरवली. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी बोलावलं नाही. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र बोलावलं गेलं. नाही आलात तर पगार कापू, असा दम भरून. सकाळी नऊच्या आत वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत खाली बसली. १,१३४ माणसं मेली.

इमारतीच्या मालकाने कायदा मोडलाच होता, वरचे मजले विनापरवाना चढवले होते. पण ढिगाऱ्यात ज्यांची लेबलं सापडली त्या परदेशी ब्रँडांचं काय? दुसऱ्याच्या कारखान्यातल्या खांबांची जबाबदारी तेव्हा त्यांच्या देशांतला कायदा त्यांच्यावर टाकतच नव्हता. तिथल्या काही कारखान्यांची सामाजिक निकषांवर तपासणीही झाली होती. इमारतीची मजबुती तपासणीच्या यादीत नव्हती. भाव पाडून आणि मुदत आवळून माल घेणारा, कागदोपत्री स्वच्छ.

त्यानंतर, मे २०१३ मध्ये, ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये ‘अ‍ॅकॉर्ड’ हा करार झाला. नुसती सदिच्छा नाही, कायद्याने बांधणारा करार. आग, वीज आणि बांधकाम यांची स्वतंत्र इंजिनिअरांकडून तपासणी, दुरुस्ती न करणाऱ्याकडून माल घेणं बंद, आणि मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कलम: दुरुस्ती कारखान्याला परवडेल अशा अटींवर खरेदी. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२३ पासून पुरवठा साखळीवर लक्ष ठेवण्याचं बंधन मोठ्या कंपन्यांवर घातलं. कायदा पोचला, पण वर्षं उलटल्यावर.

“सगळा देखावा.”

इथे मी फारसा भांडणार नाही. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची नीतिसंहिता ६४ पानांची होती. हिशेबांतला घोटाळा उघड होऊन २००१ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. फोक्सवॅगनला सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने (पर्यावरण आणि समाजाशी कंपन्या कशा वागतात यावरून केलेली निवड) वाहन उद्योगात अव्वल ठरवलं आणि त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांतलं फसवं सॉफ्टवेअर उघड झालं. जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्या. चाचणी चालू असल्याचं ओळखून गाडी तेवढ्यापुरती कमी धूर सोडायची.

पण यावरून जबाबदारीच खोटी कशी ठरते? संदेश लिहिणारा आणि कंपनीचा जाहिरात विभाग, दोघंही एकाच समजुतीचे: जबाबदारी म्हणजे कमावून झाल्यावर वाटलेले पैसे. म्हणून अहवालात आधी हसऱ्या मुलांचे फोटो, मग लावलेल्या रोपांचा आकडा (जगली किती, ते नसतं). छोट्या पुरवठादारांची बिलं किती दिवसांनी चुकती होतात, कंत्राटी कामगाराला अपघात झाला तर कोण बघतं, हे शोधत बसावं लागतं. ‘अ‍ॅकॉर्ड’मधली दुरुस्ती परवडण्याची अट अशाच ठिकाणची, देणगीच्या रकान्यात न मावणारी.

“बाजार धडा शिकवतोच.”

पेट्रोलमध्ये शिसं घालून विकायला अमेरिकेत १९२३ मध्ये सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते रसायन हाताळणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. म्हणजे धोका माहीतच नव्हता, असं म्हणायला जागा नाही. तरी विक्री थांबली नाही, उलट जगभर पसरली. इंजिनाला ते मानवत होतं, गाडीवाला खूश होता, विकणाऱ्याला नफा होता. धूर ज्यांच्या फुप्फुसांत जायचा त्या रस्त्यालगतच्या मुलांचा या व्यवहारात कुठेच सहभाग नव्हता. ती ग्राहकच नव्हती, मग पाठ कशाला फिरवणार? देशादेशांनी एकेक करून बंदी घातली तसं ते हटलं. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया; तिथल्या पंपांवर ते जुलै २०२१ मध्ये बंद झालं.