खंबीर माणसाच्या मेंदूला ताण शिवत नाही?

सध्या मोबाइलवरून हातोहात फिरणाऱ्या एका मजकुरात तीन दावे मोठ्या ठामपणे केलेले आहेत. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या कमतरतेने नैराश्य येते, हा सिद्धांत खोटा ठरल्यामुळे नैराश्यावरच्या गोळ्या बंद कराव्यात. ताणामुळे मेंदूच्या पेशी मरतात आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही. आणि मनाने खंबीर असलेल्याच्या मेंदूवर ताणाचा परिणामच होत नाही. यांपैकी पहिल्यात अर्धे सत्य आहे, दुसऱ्यात त्याहून कमी आणि तिसरा पुराव्याच्या नेमका उलट आहे.

सेरोटोनिन घटले की नैराश्य येते, हे सरधोपट समीकरण टिकलेले नाही, हे मान्यच करायला हवे; ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात त्याला सातत्यपूर्ण आधार सापडला नाही. मुळात ते औषधांच्या परिणामांवरून उलट दिशेने बांधलेले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात आणि हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचे साठे रिकामे करते, असे दिसल्यावर दोहोंची सांगड घातली गेली. परंतु कारणमीमांसा चुकली म्हणून औषध निकामी ठरत नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या, ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणात तपासलेली सर्व २१ औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली, सरासरी फरक माफक होता, पण होता. शिवाय या गोळ्या एकाएकी बंद केल्यास गरगरणे, झोप उडणे, अस्वस्थता असे त्रास होतात, आणि हे त्या मजकुरात कुठेच नाही.

पेशी मरण्याबाबत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्यूएन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की दीर्घ ताणाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे स्मृतीशी निगडित भागातील, पेशींच्या शाखा आखडतात. पेशी मात्र जिवंत राहतात आणि ताण संपल्यावर शाखा पुन्हा वाढतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना दररोज दोन तास असे दहा दिवस जखडून ठेवले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधील शाखा खुरटल्या, पण भीतीशी संबंधित अमिग्डालातील शाखा उलट फोफावल्या. एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डालातील वाढ आणि प्राण्यांची धास्ती मात्र कायम राहिली. म्हणजे चिवट ठरली ती झीज नव्हे, तर वाढ. मजकूरकर्त्याने भलत्याच गोष्टीची भीती घातली आहे.

तिसरा दावा सर्वांत घातक, कारण खचलेल्या माणसाला तो दुबळा ठरवतो. अमेरिकेतील मेंदूशास्त्रज्ञ एरिक नेस्लर यांच्या गटाने २००७ मध्ये जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारख्या उंदरांवर केलेले काम इथे पाहावे. प्रत्येक उंदराला दहा दिवस रोज काही मिनिटे एका दांडग्या, आक्रमक उंदरापुढे सोडले जाई, आणि उरलेला दिवस दोघांमध्ये छिद्रे असलेली पारदर्शक भिंत असे: मार बंद, पण वास आणि दर्शन चालूच. काही उंदीर त्यानंतर इतरांच्या वाऱ्यालाही उभे राहिनात, साखरेच्या पाण्याची त्यांची गोडी ओसरली. तेवढाच मार खाल्लेले बाकीचे जवळपास पूर्ववत वागत राहिले. खंबिरांच्या मेंदूत काहीच घडले नसावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मेंदूच्या मध्यभागातील डोपामिन-पेशींच्या (डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींच्या) प्रदेशात, खचलेल्यांपेक्षा खंबीर उंदरांमध्येच अधिक जनुकांच्या कार्यात बदल झाला होता.

उंदरावरून माणसाचा थेट निवाडा करू नये, हे खरेच. तरीही २०१४ मधला पुढचा निष्कर्ष विचार करायला लावतो. खचलेल्या उंदरांत या डोपामिन-पेशींना अतिउत्तेजित करणारा विद्युतप्रवाह वाढलेला होता, आणि खंबीर उंदरांत तोच प्रवाह त्याहूनही अधिक होता; मात्र तो इतका वाढल्यामुळे पेशींना शांत करणारे पोटॅशियमचे प्रवाहही जागे झाले होते आणि पेशींची लय पूर्ववत झाली होती. संशोधकांनी खचलेल्या उंदरांतील तो प्रवाह मुद्दाम आणखी वाढवला, तेव्हा तेही पुन्हा इतरांच्या जवळ जाऊ लागले.