सत्याचा शोध, पत्रिका सांभाळून

तुम्ही विवेकी आहात हे गृहीत धरूनच पुढच्या सूचना दिल्या आहेत. अंधश्रद्धा तुम्ही मानत नाही. मुलीचं लग्न ठरवताना फक्त "एकदा पत्रिका दाखवून घेऊ, त्यात आपलं काय जातं?" एवढंच तुमचं म्हणणं असतं. अशा माणसालाही अधूनमधून सत्याचा शोध घ्यावासा वाटतो आणि त्यानं तो जरूर घ्यावा. फक्त वडिलोपार्जित समजुतींना धक्का न लावता तो कसा घ्यायचा, हे आधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात नेहमी दुसऱ्याच्या समजुतींपासून करावी. शेजाऱ्यांच्या दारावरचं लिंबू-मिरची, परधर्मीयांचे ताईत, व्हॉट्सॲपवर आलेले इतरांचे चमत्कार. यातला फोलपणा चटकन दिसतो आणि आपली बुद्धी किती धारदार आहे याची खात्री पटते. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं आणि स्वतःच्या घराकडे वळायची वेळ येत नाही.

तरीही वळलातच, तर गुणमेलनाचं कोष्टक जपून हाताळावं. वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८. बेरीज बरोबर ३६. या टापटिपीचं कौतुक करावं आणि हे मार्क कुणी, कशाच्या आधारावर ठरवले हे विचारू नये. पास व्हायला १८ लागतात, म्हणजे पन्नास टक्के. हे आठही विषय चंद्राच्या राशीवरून आणि नक्षत्रावरून काढतात आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे तुमच्या मुलीचे एखाद्या मुलाशी जेवढे गुण जुळतात, जवळपास तेवढेच त्या दिवशी इचलकरंजीपासून आइसलँडपर्यंत जन्मलेल्या प्रत्येक मुलीचे जुळतात. असले विचार कोष्टकावरून बोट फिरवताना मनात आले, तर बोट पुढच्या रकान्यात न्यावं. तिथं नाडी असते. २७ नक्षत्रं, ३ नाड्या, प्रत्येकीच्या वाट्याला ९. त्यामुळे कुठलीही दोन माणसं उभी केली तरी तीनांत एकदा दोघांची नाडी एकच, म्हणजे एकनाडी दोष निघतो.

मंगळाचं गणित तर मुळीच करू नये. कुंडलीच्या १, ४, ७, ८ आणि १२ या स्थानांत मंगळ असला की मंगळदोष. बारांपैकी पाच, म्हणजे सुमारे ४२ टक्के माणसं लग्नावरून, म्हणजे जन्मवेळी उगवणाऱ्या राशीवरून पाहतानाच अडकली. काही जण चंद्रावरून आणि शुक्रावरूनही मोजतात. तसं मोजलं तर तिन्हीकडून सुटणारे शंभरात जेमतेम वीस उरतात. ज्या दोषातून पाचांत चार जण सुटत नाहीत तो जोडीदाराच्या जिवावर उठत असता, तर गावोगावी मंगल कार्यालयं चालली नसती. सुदैवानं शास्त्रात अपवादही भरपूर आहेत. मंगळ स्वराशीत असला, उच्चीचा असला, गुरूची दृष्टी असली, दोघांनाही मंगळ असला की दोष गेला. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'सौम्य मंगळ' लिहायची सोय आहेच.

या अपवादांचा वापर कधी करायचा, हे खरं कसब. त्यासाठी क्रम पाळावा. आधी मुलाचा पगार, फ्लॅटचा कार्पेट एरिया आणि घरातली माणसं बघून घ्यावीत, पत्रिका त्यानंतर उघडावी. स्थळ पसंत असेल तर अपवाद शोधायला सांगावेत, एक ना एक सापडतोच. स्थळ नको असेल तर दोष शोधायला सांगावेत, तेही सापडतात. मग फोनवर "काय करणार वहिनी, पत्रिका जुळत नाही हो" म्हणायचं. समोरच्यांना हुंडा, रंग, जात यांतलं काही ऐकावं लागत नाही आणि आपल्यालाही खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. पत्रिकेचा हा एक उपयोग मात्र शंभर टक्के खरा आहे.

गुरुजींकडे जाताना वाटेत कुणाला फोररचा प्रयोग आठवू देऊ नका. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन वाटलं. मजकूर सगळ्यांना एकच होता, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. ते आपल्याला कितपत लागू पडतं याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गुरुजींनी "मुलगी वरून कडक, पण आतून हळवी" असं म्हटल्यावर आई डोळ्यांना पदर लावते, तेव्हा हा आकडा सांगून प्रसंगाचा विचका करू नये.

खरी अडचण नारळीकरांची आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल ४० पैकी २४ आणि सरासरी निम्म्याच्याही खाली. म्हणजे रुपया उडवला असता तरी याहून वाईट झालं नसतं. अशा वेळी "ते खरे ज्योतिषी नव्हतेच" हे वाक्य वापरावं. खरा ज्योतिषी कोण, हे निकाल लागल्यानंतरच ठरवायचं असतं. आधी ठरवलं की पंचाईत होते.

घरच्या घरी असलं काही करायची हुक्की आली तर ती दाबावी, कारण प्रयोग फारच सोपा आहे. नात्यातल्या दहा जोडप्यांच्या पत्रिका घ्यायच्या, पाच संसार सुखाचे, पाच मोडलेले. नावं काढून टाकायची, फक्त कुंडल्या ठेवायच्या, चिठ्ठ्या टाकून क्रम बदलायचा आणि ज्याला उत्तर माहीत नाही अशा माणसाच्या हातून, कुठला संसार मोडला ते ओळखायला त्या गुरुजींकडे पाठवायच्या. कारण तुम्ही स्वतः समोर बसलात तर तुमचा चेहराच अर्धी पत्रिका सांगतो. किती बरोबर आल्या म्हणजे जिंकलो, हे आधीच कागदावर लिहून पाकीट बंद करायचं. दहापैकी सात किंवा जास्त तर नुसत्या नाणेफेकीनंही सहांत एकदा येतात, म्हणून रेघ नऊवर ओढायची. ती रेघ नाणेफेकीनं शंभरातून एखाद्याच वेळी गाठली जाते.

हे सगळं टाळण्याचे उपाय मात्र आहेत. पाकीट करू नये, निकाल आल्यावर रेघ ओढावी. फसलेलं भाकीत जन्मवेळेवर ढकलावं. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, त्यामुळे डॉक्टरांचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं असं म्हणायला कधीकधी वाव राहतो. आजोबांचं खरं ठरलेलं एक भाकीत घरात पाठ असावं, खोटी ठरलेली कुणी लिहून ठेवू नयेत. एवढं करूनही घरातलं एखादं कॉलेजला जाणारं पोर निकालाचा कागद घेऊन समोर उभं राहिलंच, तर शांतपणे चष्मा लावावा, कागद नीट वाचावा आणि प्रयोग किती वाजता सुरू केला ते विचारावं. राहुकाळ रोज दीड तास असतोच.