भिंतीवर रागमाला, खाली मैफल: जोडी लावायची तर नीट लावा

हल्ली चित्रदालनात शास्त्रीय गाण्याची बैठक ठेवायची टूम निघाली आहे. कल्पना चांगलीच आहे. पण होतं काय, की भिंतीवर तोडी रागिणीचं लघुचित्र, खाली संध्याकाळी साडेसहाला सकाळचा राग असलेली तोडीच चाललेली, गायकाच्या पाठीमागे त्याच चित्राचा भलामोठा पडदा, आणि निवेदक सांगतोय की सूर आणि रंग एकरूप झाले. माझं मत उलट आहे. चित्र आधी बघावं, गाणं नंतर ऐकावं, आणि नुसत्या नावावरून दोघांचं लग्न लावू नये.

रागमालेचे, म्हणजे एकेका रागाला माणसाचं रूप देऊन काढलेल्या लघुचित्रांचे, संच बहुतांशी सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातले. राजस्थान, दख्खन आणि पहाडी मुलूख ही त्यांची मुख्य ठिकाणं. राजस्थानी संचात साधारणपणे ३६ चित्रं: सहा राग आणि प्रत्येकाच्या पाच रागिण्या. चित्रकार बहुधा सूर ऐकून नव्हे, तर ठरून गेलेल्या ध्यानावरून, म्हणजे रागाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या श्लोकावरून, रंगवत. तोडी म्हणजे रानात वीणा घेऊन उभी असलेली स्त्री आणि भोवती हरणं. पण त्या तोडीचे सूर आजचे नव्हेत. आपली मियाँ की तोडी कोमल रे-ग-ध आणि तीव्र मध्यमाची. कर्नाटक संगीतातली तोडी मात्र आजही आपल्या भैरवीच्या सुरांत गातात, आणि उत्तरेतली जुनी तोडीही त्याच वळणाची होती असं अभ्यासक मानतात. म्हणजे नाव तेच, माणूस दुसराच.

काही जोड्या मात्र खरंच जमतात. ललितच्या चित्रात पहाटे नायक हातात हार घेऊन निघालाय आणि नायिका अजून झोपलेली आहे. राग ललितही पहाटेचाच. अडचण एकच, त्या वेळी दालन उघडायला कोणी तयार नसतं. त्यावर तोडगा आहे ऋतूंचा. मोसमी राग त्यांच्या ऋतूत कोणत्याही प्रहराला गाण्याची मुभा आहे. पावसाळ्याचा मेघ मोहात पाडतो, पण आषाढात ओल्या छत्र्या घेऊन आलेली माणसं कागदावरच्या चित्रांशेजारी नकोत. म्हणून माझं मत वसंताला. फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा, वसंत रागिणीच्या चित्रात नाचणारा कृष्ण, आणि संध्याकाळी सातला वसंत किंवा बहार गायला कुणाची हरकत नाही.

आता हवेचं गणित, कारण इथेच खरी मारामारी आहे. १५ बाय १० मीटरचं, ४ मीटर उंचीचं दालन धरा, म्हणजे ६०० घनमीटर. बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम बाष्प हवेत सोडतो. ८० माणसं सव्वा तास बसली की पाच लिटर पाणी हवेत. एसी बंद करून दारं लावली तर ५० टक्के आर्द्रता ८५च्या पुढे जाते. लघुचित्राचा कागद अनेक थर चिकटवून केलेला असतो. तो फुगतो, मग आकसतो, आणि वरचा जाड रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून 'आवाज येतोय, एसी बंद करा' ही गायकाची मागणी, कितीही रास्त असली तरी, मान्य करता येत नाही. हॉल दोन तास आधी थंड करून ठेवा आणि बैठकीत पंख्याचा वेग कमीत कमी करा. तानपुरे-तबलेही त्याच हवेत किमान तासभर आधी आणून ठेवा, नाहीतर पहिल्या वीस मिनिटांतच सगळं उतरतं किंवा चढतं.

गायकाची तक्रार खरी का, तेही सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकचे दिवे (ट्यूबलाइट) आणि ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतात. गायकाचा सा काळी एक या पट्टीत असेल तर तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, १०४ हर्ट्झच्या आसपास. पंचमाला जेमतेम चिकटलेला, पण बेसूर असा एक सूर अख्खी बैठकभर चालू राहतो. एसी तसाच ठेवा, पण चोकचे दिवे आधी काढून टाका.

दुसरा शत्रू घुमारा. गुळगुळीत प्लास्टर, कोटा फरशी, रिकामा हॉल: टाळी वाजवली तर आवाज विरायला साडेतीन-चार सेकंद. ८० माणसं बसली की तो पावणेदोनवर येतो. ख्यालाला सव्वा ते दीड बरा, नाहीतर द्रुत तानेचा आणि तबल्याच्या रेल्याचा (जलद बोलांच्या ओळीचा) नुसता चिखल होतो. श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर २० चौरस मीटर जाड पडदा, चुण्या घालून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगला की काम होतं. त्या भिंतीवर चित्रं लावायचीच नाहीत. आवाज वाढवून मात्र काहीही सुटत नाही, घुमारा तेवढा वाढतो.

गायकामागची भिंतही मोकळीच. कागदावरच्या चित्रांना ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड नको, आणि तबलजीला गायकाचा चेहरा आणि हात दिसायला तेवढा पुरत नाही. दोन दिवे फक्त कलाकारांवर, बाकी हॉल मंद. समई, उदबत्ती, ताज्या फुलांचे हार दाराबाहेर. (दीपप्रज्वलनाशिवाय ज्यांना चैन पडत नाही त्यांनी ते व्हरांड्यात उरकावं.) शिवाय भिंतीला टेकून बसणं हा बैठकीतला जन्मसिद्ध हक्क. तेलकट डोकी आणि चौकटी यांच्यात मीटरभर अंतर ठेवा, बाकांची रांग लावून.

वीतभर चित्रासमोर एका वेळी तीनच माणसं धड उभी राहतात. बारा चित्रं म्हणजे छत्तीस माणसं. म्हणून दोन तुकड्या, प्रत्येकी ४० मिनिटं, तोवर दुसऱ्या तुकडीला बाहेर चहा. गाण्याच्या वेळी पडद्यावर चित्र अजिबात नको. विलंबित एकतालाचं आवर्तन उलगडत असताना समोर स्लाइड बदलली की समेचं, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचं, कुणाला भान राहत नाही. रंगमंचावर गाणं चालू असताना कॅनव्हास रंगवण्याचा प्रकारही तसलाच. श्रोते ब्रशची वाट बघतात आणि चित्रकार टाळ्यांची. मुंबईत भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये एकाच छपराखाली गायतोंडे, हुसेन चित्रं काढत आणि सतारवादक रविशंकरांची 'किन्नर' ही संगीतशाळा चाले. शेजार होता, जुगलबंदीची सक्ती नव्हती.

मैफल संपल्यावर दालन आणखी अर्धा तास उघडं ठेवा. लोक आधी पाहिलेल्या चित्राकडे पुन्हा जातात, आणि या वेळी जास्त थांबतात. सुरक्षारक्षकांच्या जादा तासांचे पैसे मात्र आधीच ठरवून घ्या, नाहीतर शेवटची टाळी वाजायच्या आत दिवे विझायला लागतात.