वायडी झालेल्या पोराचा रोल नंबर

निकाल लागला की आमच्या कॉलेजातून दोन प्रकारची मुलं दिसेनाशी होतात. एक, डिग्री घेऊन गेलेली. ती निदान पेढे द्यायला तरी येतात. दुसरी वायडी झालेली. त्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही, कारण कोणी विचारायचं हेच ठरलेलं नाही.

पुणे विद्यापीठाच्या हद्दीतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकोणीस वर्षं गणित शिकवते. फर्स्ट इयरचे एम-वन, एम-टू आणि सेकंड इयरचा एम-थ्री. म्हणजे पोरांची सगळ्यात जास्त वर्षं ज्यांनी खाल्ली ते विषय माझेच. तेव्हा यावर बोलायचा मला हक्क आहे, आणि यातलं थोडं पाप माझ्याही खात्यावर आहे.

ज्यांना ही भाषा माहीत नाही त्यांच्यासाठी: वायडी म्हणजे इयर डाऊन. थोडे विषय राहिले तर एटीकेटीवर पुढच्या वर्गात बसता येतं, राहिलेलं मागून सोडवायचं. पण आमच्याकडे फर्स्ट इयरचे सगळे विषय सुटल्याशिवाय थर्ड इयरला प्रवेश मिळत नाही. सेकंड इयर अख्खं निघालं आणि एकटा एम-वन अडकला, तरी वर्ष घरी.

नियमावर माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्या रिकाम्या वर्षाशी. त्या वर्षात पोराला वर्ग नसतो, बॅच नसते, हजेरीपत्रकात नाव नसतं. जुने मित्र पुढे गेलेले, त्यांचा नवा व्हॉट्सअॅप ग्रुप झालेला, त्यात हा नसतो. ज्युनिअरच्या वर्गात जाऊन बसायची लाज वाटते, आणि बसलाच तर एखादा सर सगळ्यांसमोर विचारतो, ‘तू कोण रे?’ होस्टेलची खोली रेग्युलर मुलांना लागते. एक्झाम फॉर्मची नोटीस कॉलेजात लागते तेव्हा हा गावी किंवा कुठल्यातरी दुकानात कामाला. फॉर्म चुकला की आणखी सहा महिने गेले. कॉलेज कोणाला काढून टाकत नाही, खरं आहे. काढायची गरजच पडत नाही.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. परभणीकडचा एक मुलगा, सेकंड इयर सगळं पास, एम-वनमध्ये तीनदा नापास. रेमेडियल लेक्चरला, म्हणजे नापास मुलांच्या जादा तासाला, यायचा तेव्हा पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायचा. अक्षर सुंदर. मग यायचा बंद झाला. ऑफिसमधून नंबर काढून फोन लावला, तर उचलला वडिलांनी. त्यांची पिठाची गिरणी आहे, मागे घरघर चालू होती. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, ‘नमस्कार मॅडम, पोरगं अभ्यास करतंय ना? थर्ड इयरला लई लोड असतो म्हणतंय.’

मी गप्प झाले. घरी त्यानं सांगितलंच नव्हतं. पुण्यात रूम घेऊन तो राहत होता, दिवसा एका मोबाईलच्या दुकानात कामाला होता आणि वडील दर महिन्याला मेसचे पैसे पाठवत होते.

त्याच्या आधी एकदा अशाच प्रसंगी मी वडिलांना खरं सांगून मोकळी झाले होते. ते दुसऱ्या दिवशी येऊन मुलाला घेऊन गेले आणि तो परत आला नाही. तो फोन मला अजून आठवतो. म्हणून या वेळी म्हटलं, ‘त्याचा नंबर बदललाय वाटतं, मला जरा फोन करायला सांगा.’ बरोबर केलं का? माहीत नाही. वडिलांच्या पैशाचा प्रश्न होता, त्यांना कळायला हवं होतं. पण ते मुलानं सांगायला हवं होतं, आणि सहा आठवड्यांनी त्यानं सांगितलंही.

तो आला तेव्हा मी गणिताचं पुस्तक उघडलं नाही. आधी विचारलं, जेवतोस कुठे? मग म्हटलं, तुझ्या पेपरची फोटोकॉपी आहे का? होती. रिव्हॅल्युएशनसाठी काढलेली, मार्क वाढले नाहीत म्हणून घडी घालून ठेवून दिलेली. आम्ही ती समोरासमोर बसून वाचली. आयगेन व्हॅल्यूच्या गणितात मॅट्रिक्सवरून समीकरण अगदी बरोबर मांडलेलं, लॅम्डाच्या घनाचं. त्यातून लॅम्डाच्या किमती, म्हणजे रूट्स, काढायच्या होत्या. आणि तिथेच उत्तर थांबलेलं. म्हटलं, पुढे का नाही गेलास? म्हणाला, ‘मॅडम, सगळे इथं कॅल्सीवर रूट काढतात. माझ्या कॅल्सीत ते होत नाही.’

आमच्याकडे जवळपास प्रत्येकाच्या हातात हजार-दीड हजारांचा कॅसिओचा नाइन-नाइन-वन कॅल्क्युलेटर असतो. त्यात तीन घातांचं समीकरण टाकलं की उत्तर येतं. याच्याकडे बाजारातला साधा कॅल्क्युलेटर. हातानं सोडवायचं तर नववीतला संश्लेषक भागाकार हवा, तो विसरलेला. आणि मी? मी फळ्यावर ‘रूट्स काढा’ म्हणून पुढच्या ओळीवर जात होते. एकोणीस वर्षांतल्या किती बॅचना असं केलं असेल कोण जाणे. रेमेडियलमध्येही तेच लेक्चर, त्याच वेगानं, त्याच ओळीवरून उडी मारून. तो बिचारा माझी उडी सुंदर अक्षरात उतरवून घेत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की नापास झालेल्या पोराला तोच विषय पुन्हा शिकवण्याआधी त्याचा पेपर त्याच्याशेजारी बसून वाचा. तो कुठल्या ओळीवर थांबला ते दिसतं. बहुतेक वेळा ती ओळ त्या विषयाची नसतेच, नववी-अकरावीतली असते. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्या मुलांचं एम-थ्रीमध्ये नेमकं हेच होतं. एम-वन, एम-टू न करता ती थेट लाप्लास ट्रान्सफॉर्मवर येऊन आदळतात, आणि आम्ही म्हणतो, डिप्लोमावाल्यांना गणित येत नाही.

आता कोणी म्हणेल, कॉलेजात मेंटॉर असतात की. असतात. आमच्याकडे जीएफएम म्हणतात, गार्डियन फॅकल्टी मेंबर. वीस-पंचवीस मुलांमागे एक. रजिस्टर असतं, ‘स्लो लर्नर’ची यादी असते, महिन्याला सह्या असतात. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी यायची असली की मागच्या दोन वर्षांच्या सह्या एका दुपारीत होतात. (मीही केल्यात. निळ्या आणि काळ्या पेनानं आलटून पालटून.) पण वायडी झालेला मुलगा कुठल्याच जीएफएमकडे नसतो. जुन्या वर्गाच्या यादीतून नाव गेलेलं, नव्या वर्गाच्या यादीत आलेलं नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच यादीबाहेर.

दरवर्षी कॅरी ऑनसाठी मोर्चे निघतात, विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसू द्या म्हणून. मुलांचा जीव तुटतो ते कळतं, पण मी त्या बाजूची नाही. पुढच्या वर्गात बसवल्यानं लॅम्डाचा घन सुटत नाही. उलट टोकही पाहिलंय आपण. २०१५ मध्ये आयआयटी रुरकीनं पहिल्याच वर्षी कमी ग्रेड आले म्हणून सत्तरहून जास्त मुलांना एकदम घरी पाठवलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, बराच गदारोळ झाला आणि शेवटी संस्थेनंच पुन्हा संधी दिली. जेईई काढून आलेली मुलं होती ती! आणि नव्या शैक्षणिक धोरणात वर्षागणिक बाहेर पडायची सोय आहे, क्रेडिट बँकेत पास झालेल्या विषयांचे क्रेडिट सांभाळले जातात. सोय चांगलीच आहे. पण बाहेर पडलेल्याला आत बोलवायला फोन करणारं माणूस बँकेत नसतं.

स्टाफरूममध्ये मला ऐकवतात, ‘मॅडम, हे चमच्यानं भरवणं झालं. आम्ही नाही का शिकलो?’ शिकलो. माझ्या वडिलांना माझी फी भरायला कर्ज काढावं लागलं नव्हतं आणि माझ्या घरात लॉगटेबल म्हणजे काय हे माहीत असलेली दोन माणसं होती. तेवढं बाजूला ठेवून बोलू.

तो मुलगा मंगळवार-शुक्रवार दुकान सुटल्यावर यायचा. बेचाळीस मार्क पडले. चाळीसला पास. फार मोठं यश वगैरे नाही, पुढे थर्ड इयरलाही एक विषय राहिला त्याचा. पण त्या वेळी लपला नाही, स्वतःहून फोटोकॉपी घेऊन आला. दोन मुली मात्र मला परत आणता आल्या नाहीत. एकीनं फोन उचलला आणि म्हणाली, ‘मॅडम, लग्न ठरलंय, आता कशाला.’

या वर्षी प्राचार्यांकडे एकच मागणी केली: वायडी मुलांना रोल नंबर द्या, जीएफएम द्या. ते हो म्हणाले. ऑफिसमधून उत्तर आलं, सॉफ्टवेअरमध्ये तसा कॉलम नाही. म्हणून मी शंभर पानी वही केलीय. सतरा नावं आहेत. काल अकरा फोन लागले, चार बंद, दोन वडिलांनी उचलले.

फॉर्म लवकरच सुटतील. तुमच्या बॅचचा असा कोणी मागे राहिला असेल, कॉलेज कुठलंही असो, तर त्याला आज एक फोन करा आणि तारीख सांगा. आमच्या कॉलेजचा असेल तर त्याचा चालू नंबर मला इनबॉक्स करा. कमेंटमध्ये नाव टाकू नका, त्याच्या घरचेही फेसबुकवर असतात.